‘शोध’, ‘चिठ्ठी’ आणि ‘भरती’ : आदिवासी खेळाडू विद्यार्थी व महाविद्यालयीन प्रशिक्षक यांच्यातील संपर्काची चिकित्सा
(विशेष संदर्भ : काठी परिसर, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार)

बीजसंज्ञा : क्रीडा प्रतिभाशोध, आश्रमशाळा, आंतरमहाविद्यालयीन क्रीडा, खाशाबा जाधव, ‘झुंड’, पोलीस भरती

प्रस्तावना

महाराष्ट्रातील क्रीडाविषयक लेखनात, शासकीय परिपत्रकांत आणि वृत्तपत्रीय वार्तांकनात ‘शोध’ हा शब्द सातत्याने आढळतो. गुणवंत खेळाडूंचा शोध, सुप्त प्रतिभेचा शोध, दऱ्याखोऱ्यांतील हिऱ्यांचा शोध अशी त्याची रूपे सर्वपरिचित आहेत. या शब्दाचे व्याकरण मात्र फारसे कोणी तपासलेले नाही. शोधणारा हा नेहमी शासन, संस्था किंवा प्रशिक्षक असतो. खेळाडू हा शोधला जाणारा असतो. वाक्यात तो कर्ता नसून कर्म आहे. बारावीच्या वर्गात शिकणाऱ्या एखाद्या धावपटूने स्वतःहून महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकास गाठावे, आपली कामगिरी सांगावी आणि ‘मला आपल्याकडे खेळायचे आहे’ असे म्हणावे, या कृतीसाठी मराठी क्रीडाव्यवहारात रूढ शब्दही नाही. प्रस्तुत लेखात या अभावाची चिकित्सा करावयाची आहे.

या चिकित्सेसाठी काठी हे गाव समोर ठेवले आहे. सातपुड्याच्या रांगांत वसलेले, अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव एकेकाळी मेवासी संस्थानांपैकी एकाचे ठिकाण होते आणि आज ते मुख्यतः राजवाडी होळीसाठी ओळखले जाते. फाल्गुनात रात्रभर ढोल वाजतात, अंगावर ठिपके रेखलेले, मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्ये नाचतात आणि पहाटे होळी पेटते. रात्रभर नाचून सकाळी डोंगर उतरून घरी जाणाऱ्या या तरुणांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात ‘काटक’ हे विशेषण हमखास असते. हे विशेषण वरकरणी गौरवाचे वाटते. परंतु ते धोक्याचे आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

खाशाबांनी उघडलेले दार

खेळाडू विद्यार्थ्याने स्वतः महाविद्यालयाचे दार ठोठावल्याचे मराठी समाजातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर येथील हा तरुण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा संमेलनात कुस्तीसाठी नाव देण्यास तो गेला, तेव्हा त्याची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकाने नकार दिला. खाशाबा तेथून परतले नाहीत. ते थेट प्राचार्य बॅ. खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले. पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी याच प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत तर दंतकथेच्या पातळीवर पोहोचली आहे.

ही कथा सांगताना भर नेहमी गहाण पडलेल्या घरावर दिला जातो. गुरूचा त्याग हा आपल्या कथनपरंपरेचा आवडता विषय असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु या कथेतील निर्णायक क्षण त्याआधीचा आहे. नकार मिळाल्यानंतर विद्यार्थ्याने वरच्या अधिकाऱ्याचे दार ठोठावले, तो क्षण. येथे खाशाबा कर्ता आहेत. त्यांना कोणी शोधले नाही. उलट ज्याचे काम शोधण्याचे होते त्याने त्यांना नाकारले. आणि ते दार उघडले ते एका व्यक्तीच्या उदारतेमुळे. संस्थेच्या कोणत्या नियमामुळे नव्हे. खर्डेकरांच्या जागी दुसरे प्राचार्य असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारला की या कथेतील प्रेरणा थोडी बाजूला सरते आणि व्यवस्थेचा प्रश्न समोर उभा राहतो.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. खाशाबा मल्लांच्या घरात वाढलेले होते, कुस्तीला प्रतिष्ठा देणाऱ्या कोल्हापुरात होते, आणि मराठी ही त्यांची मातृभाषा होती. प्राचार्यांसमोर उभे राहून बोलण्यासाठी लागणारा धीर या सर्वांतून येतो. काठी परिसरातील विद्यार्थ्याची घरची भाषा भिली समूहातील आहे. मराठी तो शाळेत शिकतो. त्याच्यासाठी प्राचार्यांच्या दालनातील संभाषण हे दुसऱ्या भाषेतील संभाषण असते. धीर हा स्वभावाचा गुण मानण्याची आपली सवय आहे. तो बऱ्याच अंशी सामाजिक संपत्तीचा भाग असतो.

शोधकथेचे दोन नमुने

शोधकथेचा अलीकडचा आणि आदिवासी महाराष्ट्राशी थेट जोडलेला नमुना म्हणजे कविता राऊत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या छोट्या पाड्यावरील ही मुलगी शालेय स्पर्धांतून पुढे आली, प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकमध्ये घडली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य व त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य पदकाची मानकरी ठरली. तिचे यश निर्विवाद आहे आणि तिच्या प्रशिक्षकाचे श्रेयही. प्रश्न आहे तो या यशाच्या मांडणीचा. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या बिरुदासोबत अनवाणी धावणे, डोंगर, पाण्याचे हंडे हे तपशील इतक्या वेळा आले आहेत की जणू दारिद्र्य हीच प्रशिक्षणाची पहिली पायरी होय. वस्तुतः लांब पल्ल्याची धावपटू घडते ती वर्षानुवर्षांच्या आखीव सरावातून, आहारातून, दुखापतींच्या उपचारांतून. हे सर्व नाशिकला होते; सावरपाड्याला नव्हते. ‘काटक’ या विशेषणाचा धोका तो हाच. काटकपणा निसर्गदत्त मानला की विद्यार्थी हा अर्जदार उरत नाही, कच्चा माल ठरतो. आणि कच्च्या मालाला कोणी प्रवेशाचा अर्ज पाठवीत नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट हिंदीत असला तरी या चर्चेत त्याला वगळता येणार नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. झोपडपट्टीतील मुलांना घेऊन त्यांनी उभी केलेली फुटबॉल चळवळ २००१ पासूनची आहे. चित्रपटात महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि ही भिंत ओलांडण्यास मनाई आहे. प्राध्यापक ती ओलांडतात. मुलांनी खेळावे म्हणून ते सुरुवातीला चक्क पैसे देतात! शोधकथेची इतकी प्रामाणिक आणि किंचित मिस्कील मांडणी क्वचितच झाली असेल. पण शोधकथेच्या चौकटीतून हा चित्रपटही पूर्णपणे बाहेर पडत नाही. भिंत ओलांडण्याचा पहिला अधिकार प्राध्यापकाचाच राहतो.

मात्र याच चित्रपटात एक उपकथानक आहे, ज्याकडे समीक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिले नाही. रिंकू राजगुरू यांनी साकारलेली आदिवासी मुलगी संघात निवडली जाते. परदेशी जाण्यासाठी पारपत्र हवे, पारपत्रासाठी ओळखीचा पुरावा हवा, आणि तो पुरावा मिळविण्यासाठी तिचा बाप या दारातून त्या दारात फिरतो. येथे आदिवासी कुटुंब प्रथमच कर्ता म्हणून दिसते, आणि ते कोणाशी संपर्क साधते तर प्रशिक्षकाशी नव्हे, कार्यालयाशी. आश्रमशाळेतील विद्यार्थ्याला स्पर्धेसाठी दाखवावी लागणारी कागदपत्रे, म्हणजे जन्मतारखेचा दाखला, आधार पत्र, जातीचा दाखला, मागील स्पर्धांची प्रमाणपत्रे, ज्यांनी कधी गोळा केली आहेत त्यांना हे दृश्य अतिशयोक्त वाटणार नाही. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत विभागलेल्या शालेय स्पर्धांत एका चुकीच्या जन्मनोंदीने खेळाडू बाद होऊ शकतो.

आदिवासी विद्यार्थ्याचा आणि गुरूचा विषय निघाला की एकलव्य येतोच. त्या कथेचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे; येथे एवढेच पुरे की एकलव्य स्वतः द्रोणांकडे गेला होता. त्याला कोणी शोधले नव्हते. भारत सरकारने १९८५ पासून उत्कृष्ट प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला आणि १९९७-९८ पासून आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव दिले. नकार देणाऱ्याचे नाव प्रशिक्षकांच्या सन्मानाला आणि नकार मिळालेल्याचे नाव वसतिगृहाच्या पाटीला, या योगायोगावर अधिक भाष्य नको.

पत्राचा प्रकार आणि चिठ्ठीचा प्रकार

अमेरिकेत शालेय खेळाडूने महाविद्यालयीन प्रशिक्षकास पत्र लिहिणे हा एक स्थिरावलेला व्यवहार आहे. विद्यार्थी आपले नाव, इयत्ता, शैक्षणिक गुण, स्पर्धेतील वेळ किंवा अंतर, खेळाची चित्रफीत आणि आपल्या शालेय प्रशिक्षकाचा संपर्क कळवितो. विद्यार्थ्याला पत्र केव्हाही लिहिता येते. बंधने आहेत ती प्रशिक्षकावर. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या प्रथम श्रेणीतील बहुतेक खेळांत विद्यार्थ्याचे दहावे वर्ष संपल्यानंतर १५ जूनपासूनच प्रशिक्षक त्याच्याशी भरतीविषयक संवाद सुरू करू शकतो. नियमाची ही दिशा लक्षणीय आहे. बोलण्याचा पहिला हक्क विद्यार्थ्याचा, आणि गप्प बसण्याची सक्ती सत्ताधाऱ्यावर.

अर्थात, या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. तेथे चित्रफिती बनवून देणारे व पत्रे लिहून देणारे सल्लागार हा धंदा झाला आहे. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी प्रशिक्षकांना लाच देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसविल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. प्रशिक्षकाच्या शब्दाला प्रवेशात वजन दिले की तो शब्द विकतही घेता येतो. आपल्याकडे क्रीडा प्रमाणपत्रांवर परीक्षेतील वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण अवलंबून आहे. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रालाही नवी नाहीत.

आपल्याकडे पत्र नाही, चिठ्ठी आहे. ‘तुमच्या सरांची चिठ्ठी आणा’ हे वाक्य क्रीडाक्षेत्रात सर्वत्र ऐकू येते. चिठ्ठी विद्यार्थी लिहीत नाही. त्याच्याविषयी कोणीतरी लिहितो, आणि तीही ओळखीच्याला. विद्यार्थ्याने थेट लिहिले तर तो आगाऊपणा ठरण्याची शक्यता अधिक. एखाद्या शिक्षकाची नंदुरबार, शहादा किंवा जळगाव येथे ओळख असेल तर त्याच्या शाळेतील मुले पुढे जातात. त्या शिक्षकाची बदली झाली की तो प्रवाह आटतो. आश्रमशाळांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. तेथील मुले आधी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प, विभाग व राज्य पातळीवरील स्पर्धांत खेळतात. अक्कलकुवा तालुका तळोदा प्रकल्पात येतो. प्रकल्पस्तरावर पहिला आलेला धावपटू आणि शिक्षण विभागाच्या महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेतील शिक्षक हे दोन वेगळ्या खात्यांच्या नोंदवह्यांत राहतात. पहिल्या नोंदवहीतील नाव दुसरीत जाण्याची कोणतीही नियमित वाट नाही.

खात्याने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे ‘मिशन शौर्य’ने दाखविले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. निवड, प्रशिक्षण, साहित्य, सर्व खात्याने केले. हा शोधाचा सर्वोत्तम प्रकार म्हणता येईल. तरीही तो शोधच. मोहीम निघाली त्या वर्षी जो योग्य वयात होता, तो भाग्यवान.

भरतीचे मैदान

येथे एक विसंगती नजरेस आणून देणे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर गेल्यास धावणारी मुले-मुली मोठ्या संख्येने दिसतात. ती महाविद्यालयाच्या संघासाठी धावत नाहीत; पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावावे लागते; त्यास २० गुण, १०० मीटर धावण्यास १५ व गोळाफेकीस १५ गुण, अशी ५० गुणांची शारीरिक चाचणी असते. अंतर ठरलेले, वेळेनुसार गुण ठरलेले, अर्ज कोठे करावयाचा हे ठरलेले. काठीजवळच्या पाड्यावरील मुलालाही हे कोष्टक तोंडपाठ असते. त्याला चिठ्ठी लागत नाही, कोणी शोधायला यावे लागत नाही. तो घड्याळ लावून आपली लायकी आपणच तपासू शकतो. ‘भरती’ या शब्दाला ग्रामीण महाराष्ट्रात जी विश्वासार्हता आहे तिचे मूळ या उघड मोजमापात आहे.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले आणि स्टीपलचेसकडे वळले ते सैन्यातच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक पटकाविले. त्यांना घडविण्याचे श्रेय कोणत्याही महाविद्यालयाला घेता येणार नाही. खुद्द खाशाबाही १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले होते.

क्रीडा प्रबोधिनीच्या योजनेत उघड मोजमापाचा विचार आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९६ च्या राज्य क्रीडा धोरणातून आकारास आलेल्या या योजनेत ३० मीटर धावणे, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धावणे अशा चाचण्यांवर लहान वयातील मुले निवडली जातात. पुढे सरळ प्रवेश व कौशल्य चाचणी हेही मार्ग आले. परंतु लहान वयातील निवड हुकली आणि राज्य पातळी गाठता आली नाही, तर सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूसाठी दार उरते ते महाविद्यालयाचेच.

महाविद्यालयाचे दार नेमके कोठे आहे?

आता प्रश्न असा की, काठीच्या या विद्यार्थ्याने धीर करून संपर्क साधायचा ठरविलाच तर तो कोणाशी साधावा? येथे महाराष्ट्रातील महाविद्यालयीन क्रीडेचे मूलभूत वैगुण्य समोर येते. अनुदानित महाविद्यालयात सर्वसाधारणपणे असतो तो शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. तो एकटा कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व खेळ सांभाळतो. प्रवेशपत्रिका, पात्रता अर्ज, प्रवासभत्ता, गणवेश, विविध समित्या हे त्याचे दैनंदिन काम. पद रिक्त असेल तर हा कार्यभार एखाद्या भूगोलाच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकाकडे येतो. तो संचालक आहे. विशिष्ट खेळाचा प्रशिक्षक नव्हे. विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षक मिळतो तो आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीच्या मोजक्या दिवसांच्या शिबिरात. म्हणजे विद्यार्थ्याला ज्याच्याशी बोलायचे आहे ती व्यक्ती वर्षातून काही दिवसच अस्तित्वात असते.

दुसरे असे की, संपर्क साधून मागायचे काय, हेही अनिश्चित आहे. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. दिल्ली विद्यापीठात क्रीडा कोट्यातील जागांसाठी निवडचाचणी व प्रमाणपत्रांची छाननी होते. पंजाबातील विद्यापीठे मौलाना अबुल कलाम आझाद करंडकाच्या चुरशीत दूरदूरच्या खेळाडूंना वसतिगृह, भोजन आणि शुल्कमाफी देऊन आणतात. त्या चुरशीत भाडोत्रीपणाही पुष्कळ आहे, परंतु खेळाडूने काय मागावे व संस्थेने काय द्यावे हे दोघांनाही ठाऊक असते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रात तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये येतात. काठीच्या विद्यार्थ्याला अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नंदुरबार ही ठिकाणे सोयीची. विद्यापीठाचा परिसर मात्र जळगावला, धुळे जिल्हा ओलांडून. यांपैकी कोणत्या महाविद्यालयात ॲथलेटिक्सचे मैदान आहे, कोठे धनुर्विद्येचा सराव चालतो, कोणाच्या वसतिगृहातून मैदान पहाटे गाठता येते, ही माहिती माहितीपत्रकात क्वचित असते. तेथे असते ते गतवर्षीच्या विजेत्यांचे छायाचित्र, करंडकासह.

एका पानावर ही माहिती देणे अवघड नाही. कोणता खेळ, कोण मार्गदर्शक, किती वेळ वा अंतर असल्यास येऊन भेटावे, कोणत्या आठवड्यात, राहण्याची व्यवस्था काय, एवढे ते पान. पोलीस खात्याला जे जमते ते क्रीडा विभागाला न जमण्याचे शैक्षणिक कारण सांगता येत नाही. निधीचे कारण पुढे केले जाईल. परंतु ८०० मीटरची किमान वेळ छापण्यास निधी लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. निकष छापला की तो पूर्ण करणाऱ्याला नाकारता येत नाही, आणि चिठ्ठीला अर्थ उरत नाही.

वेळापत्रकाचाही विचार केला पाहिजे. शालेय स्पर्धांचा हंगाम हिवाळ्यात ओसरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा. त्याच सुमारास काठीची होळी, ज्यासाठी गुजरातेत ऊसतोडीला व मजुरीला गेलेली कुटुंबे डोंगरात परततात. होळीनंतर अनेक जण पुन्हा कामावर निघतात, आणि परीक्षा दिलेली मुलेही त्यांच्यासोबत. निकाल मे-जूनच्या सुमारास लागतो, प्रवेश जून-जुलैत चालतात. महाविद्यालयाच्या संघाच्या निवडचाचणीची सूचना फलकावर लागते ती त्यानंतर, पावसाळ्यात. तोवर जो प्रवेशित झाला त्यालाच ती वाचता येते. प्रकल्पस्तरीय स्पर्धेत १५०० मीटरमध्ये पहिला आलेला मुलगा त्या वेळी अक्कलकुव्याच्या मैदानावर असू शकतो, सुरतेजवळच्या एखाद्या शेतात असू शकतो. त्याच्या नावाची नोंद तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात असते, आणि सूचना फलक असतो महाविद्यालयाच्या आत, जिन्याशेजारी.